दरखदार आणि अ‍ॅडमिन

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सातपुड्याच्या पायथ्याशी सौंसरचा जो संत्र्या-कापसाचा मुलूख लागतो, त्यात अर्धनारीश्वराच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीत ख्यात असलेले मोहगाव आपल्या जागेवरून तसूभरही हललेले नाही. परंतु त्याच्यावरचा अंमल मात्र देवगडच्या गोंड राजांकडून अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांकडे, तिसऱ्या रघूजीच्या निधनानंतर राज्य खालसा झाले तेव्हा १८५४ मध्ये कंपनी सरकारकडे, आणि १८६१ मध्ये मध्यप्रांताकडे असा फिरत गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले, परंतु छिंदवाडा जिल्हा, आणि त्याबरोबर मराठी बोलणारे मोहगाव, मध्यप्रदेशातच राहिले. त्यानंतर ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा व सौंसर हे तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला आणि मोहगावच्या कागदांवरील जिल्ह्याचे नाव आणखी एकदा पालटले.

अंमल पालटला की शिक्के बदलतात, रुमालात बांधलेली दप्तरे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातात आणि जुन्या अंमलदाराची सही निरुपयोगी होते, हे आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. संगणकाच्या दप्तरात मात्र एक निराळीच अडचण उत्पन्न होते. तेथे गाव हे तालुक्याखाली, तालुका जिल्ह्याखाली आणि जिल्हा राज्याखाली अशा उतरंडीने नोंदलेले असते, आणि वरच्या पायरीवरील अधिकाऱ्याला खालच्या सर्व पायऱ्यांवरचे कागद आपोआप दिसतात. गाव एका जिल्ह्यातून काढून दुसऱ्यात घालावयाचे म्हणजे नव्या कचेरीतील माणसांना त्यावर अधिकार द्यावयाचा आणि जुन्या कचेरीतील माणसांचा काढून घ्यावयाचा. यांपैकी पहिले काम कधीही विसरले जात नाही, कारण नवा अधिकार मिळाला नाही तर दुसऱ्याच दिवशी कामे अडून ओरड सुरू होते. दुसरे मात्र सहज राहून जाते, कारण जुन्या माणसाचा अधिकार तसाच राहिला म्हणून कोणाचेच काही अडत नाही. संगणकीय कामकाजातील परवानग्यांची जी विद्या आहे, तिचा बहुतेक भाग या दुसऱ्या कामाच्या विस्मरणातून उद्‌भवणाऱ्या अनर्थांच्या बंदोबस्ताचा आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

ही विद्या समजून घेण्यासाठी मोहगावसारख्या नगर परिषदेच्या एखाद्या साध्या कामाचे, समजा एका वॉर्डातील सिमेंटच्या रस्त्याचे, उदाहरण पुरेसे आहे. उपयंत्री अंदाजपत्रक तयार करतो, वरिष्ठ अभियंता त्यास तांत्रिक मंजुरी देतो, प्रशासकीय मंजुरी त्याहून निराळ्या ठिकाणाहून येते, मग निविदा निघते, ठेकेदाराला कार्यादेश मिळतो, काम चालू असता मोजमाप पुस्तकात नोंदी होतात, त्यांवरून देयक तयार होते, लेखापाल ते तपासतो आणि मुख्य नगरपालिका अधिकाऱ्याच्या सहीनंतर पैसा सुटतो. ज्यांना प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे सॉफ्टवेअर म्हणतात त्या आज्ञावली हेच काम पडद्यावर मांडतात: प्रत्येक टप्पा एक नोंद, प्रत्येक नोंदीला एक जबाबदार इसम, एक मुदत, आणि आतापर्यंत कोणी काय केले याची रोजनिशी. कागदावरच्या कारभारात उपयंत्र्याचे पुस्तक त्याच्या टेबलाच्या खणात आणि लेखापालाचे त्याच्या कपाटात असल्यामुळे एकाचा हात दुसऱ्याच्या दप्तराला सहसा लागत नसे; पडद्यावर सर्वांची दप्तरे एकाच ठिकाणी येतात, आणि म्हणून खण व कपाटे यांचे काम परवानग्यांना करावे लागते.

परवानगी ही एकसंध वस्तू नाही. नोंद पाहण्याचा अधिकार निराळा, ती लिहिण्याचा वा बदलण्याचा निराळा, दुसऱ्याने लिहिलेली नोंद मंजूर करण्याचा निराळा, आणि हे तीन अधिकार कोणाला द्यावयाचे ते ठरविण्याचा अधिकार या सर्वांहून निराळा. पहिल्या तिहींविषयी आजची सॉफ्टवेअरे पुष्कळच सूक्ष्म विचार करतात. चौथ्याविषयी, म्हणजे ज्याला अ‍ॅडमिन म्हणतात त्या पुरुषाच्या अधिकाराविषयी, बहुतेक कार्यालये विचार करीत नाहीत, आणि प्रस्तुत लेखाचा रोख त्याच्याकडेच आहे.

दहा माणसांच्या कार्यालयात प्रत्येकास एकेक परवानगी हाताने देत बसणे शक्य असते. शंभर माणसांच्या कार्यालयात ते शक्य नसते आणि शक्य झाले तरी कोणाला काय दिले हे वर्षाअखेर कोणालाच सांगता येत नाही. यास्तव परवानग्या माणसाला न देता भूमिकेला द्याव्यात अशी पद्धत रूढ झाली. लग्नघरात कोठीची किल्ली ज्याच्याकडे असते तो कोणाचा मामा असो की मेहुणा, ‘कोठीवरचा’ म्हणून त्याचे काम ठरलेले असते. तो परगावी निघाला की किल्ली दुसऱ्याच्या हाती जाते, पण कोठीवरच्या माणसाने काय द्यावे आणि काय राखावे याचा नियम नव्याने सांगावा लागत नाही. सॉफ्टवेअरमधील भूमिका ही अशीच आहे. रेडमाइन या २००६ पासून मोफत उपलब्ध असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये एकच मनुष्य एका प्रकल्पात व्यवस्थापक आणि दुसऱ्यात केवळ वाचक असू शकतो. इतकेच नव्हे तर एखाद्या भूमिकेस प्रकल्पातील सर्व नोंदी दाखवाव्यात, की ज्या त्या माणसाने स्वतः केलेल्या अथवा त्याच्याकडे सोपविलेल्या तेवढ्याच दाखवाव्यात, हेही ठरविता येते.

भूमिका आणि गट यांत मात्र गल्लत करू नये. गट म्हणजे माणसांची यादी, भूमिका म्हणजे कामांची यादी. ‘उपयंत्री’ या गटात तीन नावे घालून त्या गटाला रस्त्याच्या प्रकल्पात ‘मोजमाप लिहिणारा’ ही भूमिका दिली की चौथा उपयंत्री रुजू झाल्यावर त्याचे नाव गटात घालण्यापलीकडे काही करावे लागत नाही. जिरा या सॉफ्टवेअरमध्ये गट हा साऱ्या संस्थेचा असतो आणि भूमिका ज्या त्या प्रकल्पापुरती. त्याशिवाय परवानग्यांचा एकच आराखडा अनेक प्रकल्पांना जोडता येतो, ज्याची सोय जितकी मोठी तितकाच धोकाही मोठा, कारण एका प्रकल्पासाठी म्हणून त्या आराखड्यात केलेला फरक त्याला जोडलेल्या सर्व प्रकल्पांत त्याच क्षणी लागू होतो. आणखी एक गोष्ट नवख्या माणसाच्या ध्यानात येत नाही. एकाच माणसाच्या दोन भूमिका असल्या तर रेडमाइनमध्ये त्या दोहोंच्या परवानग्यांची बेरीज होते, वजाबाकी कधीही होत नाही. म्हणजे एका भूमिकेने नाकारलेले दुसरीने दिले असेल तर ते मिळतेच. आणि जो मनुष्य दहा वर्षांत पाच टेबलांवरून फिरला आणि ज्याचे नाव मागल्या गटांतून कोणी काढले नाही, त्याच्या हाती अखेरीस त्या पाचही टेबलांचा अधिकार एकवटतो.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली १९६१ मध्ये, एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची व्यवस्था प्रथम चालवून दाखविण्यात आली, आणि एकाच्या फायली दुसऱ्याने पाहू नयेत म्हणून तेथे प्रत्येकास पासवर्ड देण्याची प्रथा पडली. त्याच दशकात तेथे असा प्रकार घडला की एके दिवशी संगणकावर येणाऱ्या प्रत्येकास नित्याच्या सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादी दिसू लागली. कारण शोधता असे आढळले की एका वेळी एकानेच वापरावा असा मूळ नियम असलेला व्यवस्थापकांचा कप्पा सोयीसाठी अनेकांना एकदम खुला केलेला होता. एक जण सूचना दुरुस्त करीत असता दुसरा पासवर्डांची यादी दुरुस्त करीत होता, आणि दोघांच्या तात्पुरत्या फायलींचे नाव एकच असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी गेली. सामान्य वापरकर्त्यांना घातलेली बंधने शाबूत होती, आणि सैल सोडले होते ते केवळ व्यवस्थापकांना, ही गोष्ट येथे विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढे युनिक्स या प्रणालीने प्रत्येक फायलीवर तीन वर्गांचा, म्हणजे मालक, त्याचा गट आणि इतर सर्व यांचा, आणि तीन क्रियांचा, म्हणजे वाचणे, लिहिणे आणि चालविणे यांचा हिशेब ठेवला. परंतु या सर्वांवर ‘रूट’ नावाचा एक महापुरुष बसविला, ज्याला यांपैकी कोणतेही बंधन लागू नाही. १९७५ मध्ये जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणाची तत्त्वे एका निबंधात मांडली. त्यांतील एक असे की प्रत्येकास त्याच्या कामापुरताच आणि तेवढाच अधिकार असावा. आणि दुसरे असे की जेथे शक्य असेल तेथे एका किल्लीने न उघडणारे, दोन निरनिराळ्या माणसांजवळच्या दोन किल्ल्या लागणारे कुलूप असावे. भूमिकांवर आधारलेल्या परवानग्यांची शास्त्रशुद्ध मांडणी मात्र डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ मध्ये केली.

दोन किल्ल्यांचे हे तत्त्व मोहगावच्या शेतकऱ्याला नवे नाही. त्याने जमीन खरेदी केली अथवा वारसाने मिळविली की त्याची खबर पटवारी नोंदवितो. परंतु केवळ पटवाऱ्याच्या लेखणीने मालकाचे नाव पालटत नाही, जाहीर सूचना होऊन तहसीलदाराचा नामांतरणाचा हुकूम व्हावा लागतो. सीमेपलीकडे नरखेड अथवा सावनेर तालुक्यात त्याची दुसरी जमीन असेल तर तेथे फेरफाराची नोंद तलाठी घेतो आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. महाराष्ट्रात ई-फेरफाराची संगणकीय पद्धती आली तेव्हाही हे दोन हात निराळेच राखले गेले, हे तिच्या रचनाकारांचे शहाणपण होय. लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा ही रीत बँकांतही आहे, आणि ती नुसती कागदावर राहिली म्हणजे काय होते याचा दाखला २०१८ मध्ये मुंबईत मिळाला. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्ट भागातील ब्रॅडी हाउस शाखेतून परदेशातील बँक-शाखांना हमीचे जे संदेश गेले, त्यांची नोंद बँकेच्या मुख्य हिशेबात झालीच नाही, कारण संदेश पाठविणारी यंत्रणा आणि हिशेबाची यंत्रणा परस्परांना जोडलेल्या नव्हत्या. तपासात असेही पुढे आले की एकच अधिकारी बदलीच्या नियमांपलीकडे वर्षानुवर्षे त्याच टेबलावर होता. लबाडीचा आकडा १३,००० कोटी रुपयांवर गेला. परवानग्यांची यादी त्या बँकेत होती. ती कोणी वाचीत नव्हते.

आता ज्या चौथ्या अधिकाराचा वर उल्लेख केला, त्याविषयी आपल्याच इतिहासात एक अत्यंत बोधप्रद व्यवस्था सापडते. पेशवाईत महालाचा कारभार पाहणारा कमाविसदार किंवा मामलेदार हा आजच्या भाषेत त्या महालाचा अ‍ॅडमिन: वसूल, न्याय, बंदोबस्त हे सर्व त्याच्या हाती. परंतु त्याच्या कचेरीत दरखदार म्हणून ओळखले जाणारे अधिकारी सरकारातून नेमलेले असत, आणि मोठ्या महालात त्यांची संख्या आठापर्यंत जाई: दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस. मामलेदाराच्या पत्रांवर व हुकुमांवर दिवाणाची सही लागे. हिशेब आणि सनदा मुजुमदाराच्या नजरेखालून जात. फडणीस रोजकीर्द ठेवी, आणि तिच्यावरून दफ्तरदार खतावणी करून तिचा गोषवारा हुजुरात धाडी. जमा आणि शिल्लक पोतनीस लिही, नाणे खरे की खोटे ते पोतदार पारखी, सभासद किरकोळ कज्जांची नोंद राखी आणि पत्रव्यवहार चिटणिसाकडे असे. एक लिहिणार, दुसरा तपासणार, तिसरा वर कळविणार, अशी ही भूमिकांची वाटणी एखाद्या आधुनिक सॉफ्टवेअरच्या परवानग्यांच्या तक्त्यात जशीच्या तशी उतरविता येईल.

परंतु या व्यवस्थेचे मर्म वाटणीत नाही. कचेरीचा प्रमुख असूनही मामलेदाराला कोणत्याही दरखदारास बडतर्फ करता येत नसे, आणि दरखदाराच्या दरखाबाहेरचे, म्हणजे नेमून दिलेल्या कामाबाहेरचे, काम त्याच्यावर लादताही येत नसे, हे तिचे खरे मर्म. म्हणजे जो सर्वांवर अंमल चालवी त्याच्या कृत्यांची नोंद अशा हातात होती, जो हात त्याला कापता येत नव्हता. शिवाय मामलेदाराचे हिशेब देशमुख-देशपांड्यांच्या कागदांशी ताडून पाहण्याची रीत होती, ती निराळीच. भोसल्यांच्या नागपूर दरबारातही चिटणीस, फडणवीस, मुनशी ही पदे होती, आणि त्यांचीच नावे पुढे मोठमोठ्या घराण्यांना चिकटली.

नावे घराण्यांना चिकटली, याच गोष्टीत या व्यवस्थेचा रोगही सांगून झाला. दरख पदाचा होता तो हळूहळू वंशाचा झाला. बापामागे मुलगा, मुलगा अज्ञान वा अक्षम असेल तर त्याच्या नावाने काम करणारा मुतालिक, आणि मुतालिकाला सरकार ओळखीत असो वा नसो, शिक्का मात्र त्याच्या हाती. काढून घेता येत नाही हा जो गुण मामलेदाराला लगाम घालण्यासाठी होता, तोच पिढ्या उलटल्यावर सरकारलाही हात बांधणारा ठरला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे वाटेकरीच समजून सावधपणे वागवावे असा जो इशारा आहे, त्याच्या मुळाशी हाच अनुभव आहे: एकदा दिलेला आणि मुदत न घातलेला अधिकार कालांतराने देणाऱ्याला आपला वाटत नाही, घेणाऱ्यालाच आपला वाटू लागतो. आजच्या कार्यालयात जो साहेब आपला पासवर्ड कागदावर लिहून मदतनिसाच्या हवाली करतो, तो नकळत मुतालिकीच सुरू करीत असतो. आणि संगणकाच्या रोजनिशीत मदतनिसाचे कृत्य साहेबाच्याच नावे चढते.

दरखदारीचा गुण ठेवून तिचा रोग टाळता येणे आज शक्य आहे, आणि त्यासाठी मोठ्या शहरातील कंपनीच असावी लागते असे नाही. पाच-सात माणसांची नगर परिषद, संत्री-उत्पादकांची सहकारी संस्था किंवा एखादी शिक्षणसंस्था यांनाही ते साधेल. प्रथम, अधिकार पदाच्या नावाने गटाला द्यावा आणि माणसाला केवळ गटात घालावे. त्याला अखेरची मुदतही घालावी, विशेषतः ठेकेदार, बाहेरचे लेखापरीक्षक आणि बदलीवर आलेली माणसे यांच्या बाबतीत, म्हणजे काढून घेण्याचे काम कोणाच्या स्मरणावर अवलंबून राहणार नाही. जो मनुष्य कार्यालय सोडून गेला त्याचे खाते पुसून टाकू नये, बंद करावे. रेडमाइनमध्ये खाते बंद केले असता त्याच्या पूर्वीच्या नोंदी त्याच्या नावे राहतात, आणि पुसले तर त्या निनावी होतात, ज्यामुळे दोन वर्षांपूर्वीचे मोजमाप कोणी लिहिले हे विचारण्याची सोयच उरत नाही.

अ‍ॅडमिनचे खाते त्याच्या रोजच्या कामाच्या खात्याहून निराळे असावे. तो लेखापालही असेल तर लेखापाल म्हणून एका नावाने आणि परवानग्या देणारा म्हणून दुसऱ्या नावाने त्याने आत यावे, आणि देयक मंजूर करण्याची भूमिका त्याने स्वतःच स्वतःला कधीही देऊ नये. लहान कार्यालयात माणसे थोडी असल्यामुळे एका माणसाकडे दोन भूमिका येणारच, हे मान्य केले तरी लिहिणे आणि मंजूर करणे या दोन भूमिका एकाच हाती येऊ द्यावयाच्या नाहीत एवढा निर्बंध तीन माणसांच्या कार्यालयालाही पाळता येतो.

याहून अगत्याची गोष्ट दरखदाराकडून घेण्याची आहे. परवानगी कोणाला दिली, कोणाची काढली, केव्हा आणि कोणी, याची रोजनिशी बरीच सॉफ्टवेअरे ठेवू शकतात. परंतु ती रोजनिशी वाचण्याचा अधिकार बहुधा अ‍ॅडमिनलाच असतो, म्हणजे मामलेदाराचा हिशेब मामलेदारच तपासतो. तो अधिकार अशा एका माणसाला द्यावा ज्याची नेमणूक, बदली वा खाते अ‍ॅडमिनच्या हाती नाही, आणि ज्याला वाचण्यापलीकडे दुसरे काहीही करता येत नाही. नगर परिषदेत तो परिषदेने ठरविलेला सदस्य असेल, सहकारी संस्थेत संचालक मंडळातील एखादा, शाळेत व्यवस्थापन समितीचा. दर एप्रिलमध्ये, नवे आर्थिक वर्ष उघडताना, त्याने सर्व गटांची यादी कागदावर काढून सभेपुढे ठेवावी आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारावा: हा मनुष्य आजही या टेबलावर आहे काय? उत्तर नकारार्थी आले की सभेतच ते नाव गटातून काढावे. जिल्हा पालटला, अधिकारी पालटले, सॉफ्टवेअर पालटले तरी हा प्रश्न विचारणारा मनुष्य नेमलेला असेल, आणि त्याचीही नेमणूक मुदतीची असेल, तर पेशवाईतील दरखदाराने जे मामलेदारासाठी केले ते अ‍ॅडमिनसाठी होईल आणि वतन मात्र कोणाचेच होणार नाही.